खूण पटल्याशिवाय वस्तू मिळणार नाही

भाचीचा सल्ला मी त्या दिवशी हसण्यावारी नेला असता, तर आज आमच्या गल्लीला सरळ कापलेला पाव मिळत असता. याबाबतीत गल्लीचं एकमत आहे. आमच्या गल्लीचं कशावर तरी एकमत होण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे त्याचं थोडं श्रेय मला द्यायला हरकत नव्हती. ते अजून कुणी दिलेलं नाही.

मी बस कंपनीच्या डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसतो. लोक बसमध्ये जे विसरतात ते रात्री आमच्या कपाटात येतं. मुख्यतः छत्र्या, म्हणून गल्लीत मला सगळे ‘छत्रीवाले’ म्हणतात. पण एकेकटे बूट येतात, कवळ्या येतात, एकदा शिडी आली होती. शिडी घेऊन बसमध्ये चढलेला माणूस ती विसरून उतरतो कसा, हे मी त्याला न राहवून विचारलं. तो म्हणाला, घाईत होतो.

आमच्या खिडकीवर पाटी आहे : ‘खूण पटल्याशिवाय वस्तू मिळणार नाही.’ वस्तू माझ्या मागच्या फळीवर असली तरी मी ती दाखवत नाही. आधी विचारतो. शेवटची कधी पाहिलीत? कुठे ठेवली होती? दिसायला कशी? काही खूण? लोक आधी चिडतात, मग डोळे मिटतात, आणि मग त्यांना आठवायला लागतं. मूठ जरा तुटलेली आहे, आतून माझ्या आईने टाका घातलाय. मग मी उठतो. छत्री हातात पडल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो, हे ज्याने पाहिलं नाही त्याला मी काय सांगू? ते मी रोज घरी येऊन सांगायचो. जेवायला बसलं की बायको विचारायची, “आज काय आलं होतं?” आणि मी सुरू व्हायचो.

तर, डेपोला नवे साहेब आले आणि त्यांनी कागदावर शोधून काढलं, की या खिडकीवर हल्ली कुणी फिरकत नाही. ते खरंच होतं. लोक आता छत्री हरवली तर नवी घेतात. साहेबांनी लिहून कळवलं, की महिनाअखेरीस ते स्वतः पाहणी करतील आणि खिडकी बंद होईल. माझ्यापुढे दोन वाटा. टायरच्या गोदामात बदली, नाहीतर राजीनामा. टायर कुणी बसमध्ये विसरत नाही. त्याला खूण नसते, आणि तो परत मिळाल्यावर कुणाचा चेहरा उजळत नाही.

त्या दिवसापासून बायकोने “आज काय आलं होतं?” विचारलं, की मी “काही नाही” म्हणू लागलो. चार-सहा वेळा तिने विचारलं, मग विचारायची थांबली. खरं सांगतो, मला त्याचं फार वाईट वाटलं, पण ते तिला सांगण्याऐवजी मी भाजीत मीठ कमी आहे म्हणालो.

बातमी गल्लीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. शेजारच्या घरात एक निवृत्त हेडमास्तर राहतात. ते आमच्या कुंपणाशी उभे राहून म्हणाले, “छत्रीवाले, मधमाश्या पाळा. मधमाशीला पगार द्यावा लागत नाही.” दुसऱ्या दिवशी त्यांनी मधमाश्या मागे घेतल्या आणि गांडूळखत सुचवलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “तुमचा आवाज बरा आहे. सूत्रसंचालन करा.” माझं पुढचं आयुष्य ते निबंधासारखं तपासत होते आणि मला काठावर पास करत होते.

रविवारी भाची आली. ती अशा एका ऑफिसात काम करते, जिथे लोकांना एका नोकरीतून दुसऱ्या नोकरीत कसं जायचं ते शिकवतात. ती म्हणाली, “मामा, एवढ्यात अर्ज करू नकोस. आधी वेगवेगळ्या कामांतल्या माणसांना जाऊन भेट. नोकरी मागायची नाही, फक्त वीस मिनिटं मागायची. काम कसं असतं, ते त्यांनाच बोलू द्यायचं.”

“आणि मी काय करायचं?”

“विचारायचं. पण हो किंवा नाही म्हणता येईल असं काही विचारायचं नाही. आणि उठताना म्हणायचं, मी आणखी कुणाला भेटू? म्हणजे एकातून दुसरा माणूस मिळत जातो. याला माहिती-मुलाखत म्हणतात.”

“आमच्या वेळी याला भोचकपणा म्हणायचे,” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

मला मात्र कल्पना पसंत पडली. फुकटात एवढी माणसं चाचपून बघायची आणि वर कुणाचे उपकार नाहीत. मी इस्त्रीचा शर्ट घातला, बूट पुसले आणि सगळ्यात जवळचं म्हणून कोपऱ्यावरच्या बेकरीत गेलो. सकाळी पावाचा वास आला, की मला नेहमी वाटायचं, हे काम आपल्याला जमलं असतं.

बेकरीवाला काउंटरवर होता. मी म्हणालो, “मला तुमची वीस मिनिटं हवी आहेत.”

“आज ते नाही केलं,” तो म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं, की हा जिन्नस त्याच्याकडे नसतोच. “कशाला?”

“तुमच्या कामाबद्दल बोलायला. मला नोकरी नकोय.”

“पाव?”

“पावही नको.”

“मग जरा बाजूला व्हा, गिऱ्हाइकाला जागा द्या.”

मी बाजूला झालो. बाजूला म्हणजे मैद्याच्या पोत्यावर बसलो, आणि त्या इस्त्रीच्या कपड्यांची मागची बाजू पुढे दिवसभर माझ्याबद्दल काय सांगत होती ते मला संध्याकाळी बायकोकडून कळलं. बेकरीवाल्याला प्रथम वाटलं, की मी समोर दुसरी बेकरी टाकणार आहे. मग वाटलं, मी कुणाच्या सोयरिकीची चौकशी करतोय. गिऱ्हाईक सरल्यावर तो हात पुसत आला आणि म्हणाला, “हं, विचारा काय ते.”

मला विचारायचं होतं, की या कामात तुम्हाला आनंद मिळतो का. पण त्याला हो किंवा नाही म्हणता येतं, आणि भाचीने ते नेमकं बजावलं होतं. प्रश्न फिरवायचा कसा? माझी जीभ क्षणभर अडली आणि मग सवयीच्या वाटेने सुटली.

“कामातला आनंद तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?”

बेकरीवाला माझ्याकडे बघत राहिला.

“कुठे ठेवला होता?” मी म्हणालो. एकदा सुरुवात झाली की मला मधे थांबता येत नाही. “दिसायला कसा होता? काही खूण?”

त्याने डोळे मिटले. हे मी माझ्या खिडकीवर हजारदा पाहिलं आहे, म्हणून गप्प राहिलो. मग तो हळूच म्हणाला, “कासव.”

झालं होतं असं, की शिकाऊ असताना तो कासवाच्या आकाराचे पाव करायचा. पाठीवर चौकटी, डोळ्यांना मिरी. पोरंबाळं काचेला नाक लावून बघायची. पुढे बेकरी वाढली, कापायचं यंत्र आलं, आणि यंत्राला कासव चालत नाही. “त्यानंतर नाही पाहिला,” तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. मला फार अवघडल्यासारखं झालं. घाईघाईने मी शेवटचा प्रश्न विचारला, आणखी कुणाला भेटू? तो म्हणाला, “माझ्या मेहुण्याला भेटा. त्याचं तर माझ्याहून जास्त हरवलंय.”

मेहुणा गाडी चालवायला शिकवतो. त्याला बसून बोलायला वेळ नव्हता, म्हणून त्याने मला शिकवणी चालू असताना मागच्या सीटवर घेतलं. स्टिअरिंगवर एक बाई होत्या, व्यवसायाने दातांच्या डॉक्टर. त्या स्टिअरिंग असं आवळून बसल्या होत्या, की जणू ते कुणीतरी हिसकावून नेणार होतं. मेहुणा बाजूच्या सीटवर. त्याच्या पायाशी फक्त एक जादा ब्रेक.

मी माझे चार प्रश्न विचारले. आता ते मला मुखोद्गत झाले होते. मेहुणा मागे वळला आणि विचार करू लागला. शिकवणाऱ्याने विचारात पडू नये. डॉक्टरीणबाईंना चौकातून बाहेर कसं पडायचं हे कुणी सांगेना, म्हणून त्या चौकाला प्रदक्षिणा घालत राहिल्या. मागून हॉर्न वाजत होते. “मला गाडी चालवायला आवडायची,” मेहुणा शेवटी म्हणाला. “म्हणून या धंद्यात आलो. तेव्हापासून या सीटवर बसलोय. इतक्या वर्षांत मी गाडी फक्त थांबवली आहे.”

गाडी कशीबशी कडेला लागली. त्याने डॉक्टरीणबाईंना उठवून स्वतः स्टिअरिंग घेतलं आणि आम्हा दोघांना गावाबाहेरच्या टेकडीवर नेऊन आणलं. फार सुरेख चालवली त्याने. परत येताना तो शीळ घालत होता. उतरताना मी विचारलं, आणखी कुणाला भेटू? त्याने डॉक्टरीणबाईंकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, “या की उद्या. मला दवाखाना सांभाळायला माणूस हवाच आहे.”

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात घोडं अडलं ते दारातच. तिथल्या मुलीने विचारलं, “दात कुठला?” मी म्हणालो, दात नाही, नुसतं बोलायचंय. ती म्हणाली, दात नसेल तर नंबर मिळत नाही. मी तिला माहिती-मुलाखत म्हणजे काय ते समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “वरचा की खालचा?” खिडकीमागे आयुष्य काढलेल्या माणसाला समोरची खिडकी कधी हलणार नाही, हे लगेच ओळखता येतं. मी म्हणालो, खालची दाढ.

डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीत आडवं केलं. मी त्यांना प्रश्न विचारण्यासाठी तोंड उघडलं आणि त्यांनी त्याचा सोयीस्कर अर्थ घेतला. आत बघून त्या म्हणाल्या, “बरं झालं आलात. ही फार दिवस टिकणार नव्हती.” मी खोटी सांगितलेली दाढ खरोखरच किडकी निघाली. थोड्या वेळाने ती ताटलीत होती आणि माझा अर्धा चेहरा बधिर. उरलेल्या अर्ध्याने मी माझे चार प्रश्न विचारले.

बाई हातमोजे काढून समोरच्या स्टुलावर बसल्या. “मला माणसांशी बोलायला आवडायचं,” त्या म्हणाल्या. “म्हणून डॉक्टर झाले. आणि असा धंदा निवडला, की माणूस आला की त्याला आधी आ करायला लावते. इतक्या लोकांनी माझ्यापुढे तोंड उघडलं, पण कुणी काही बोललं नाही.” मी सहानुभूतीने हसलो. अर्ध्या तोंडाने ते कसं दिसलं असेल कोण जाणे, त्या जास्तच उदास झाल्या. आणखी कुणाला भेटू, हे मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “खरं तर माझ्या नवऱ्यालाच कुणीतरी हे विचारायला हवं. मीच विचारते आज.” दवाखाना सांभाळायच्या नोकरीचं नावसुद्धा निघालं नाही. एका दाढेला मुकून मी घरी आलो.

यानंतर जे झालं त्याचं खापर माझ्या डोक्यावर फुटलं. बेकरीवाल्याने कापायचं यंत्र पुसून झाकून ठेवलं आणि कासवं करायला घेतली. फक्त कासवं. गल्लीने पहिल्या दिवशी कौतुक केलं. नंतर हेडमास्तर कुंपणाशी आले. “छत्रीवाले, कासव टोस्टरमध्ये जात नाही,” ते म्हणाले. “आणि त्याला लोणी लावायचं ते पोटाला की पाठीला?” मेहुणा शिकायला आलेल्यांना मागे बसवून स्वतःच टेकडीवर जाऊ लागला. शिकणारे म्हणत, मजा येते, पण परवाना मिळत नाही. डॉक्टरीणबाई पेशंटांशी आधी गप्पा मारू लागल्या. ठणका लागलेला माणूस सकाळी जायचा आणि स्वतःचं बालपण सांगून संध्याकाळी बाहेर पडायचा.

भाचीला फोन केला तर ती म्हणाली, “मामा, तुला माहिती घ्यायला सांगितलं होतं.” बायकोने माझ्या ताटात एक कासव वाढलं.

अखेर पाहणीचा दिवस उजाडला. मी फळ्या पुसल्या, छत्र्या उंचीप्रमाणे लावल्या, पाटीवरची धूळ झटकली. निदान बंद होताना खिडकी नीटनेटकी असावी. गोदामाकडे जाणारा बोळ माझ्या खुर्चीतून दिसतो. तिथून टायरचा वास येत होता.

तेवढ्यात बेकरीवाला आला. त्याच्या हातात टोपली होती. “छत्रीवाले,” तो म्हणाला, “आनंद सापडला, पण गिऱ्हाईक हरवलं. ते कुठल्या खिडकीवर विचारायचं?” त्याच्या मागे मेहुणा. त्याच्या मागे हेडमास्तर, गल्लीच्या वतीने निषेध नोंदवायला. त्यांच्या मागे डॉक्टरीणबाई, माझ्या दाढेची जखम भरली का बघायला. आणि ही रांग बघून, काहीतरी स्वस्त मिळत असेल अशा समजुतीने, स्टँडवरची बरीच माणसं मागे येऊन उभी राहिली. माझ्या खिडकीसमोर इतकी मोठी रांग मी तरी पाहिली नव्हती.

अशात साहेब आले. ते हातातल्या कागदाकडे बघत होते आणि रांगेकडे बघत होते.

“या खिडकीवर कुणी येत नाही, असं इथे लिहिलंय,” ते म्हणाले.

“अहो, तुम्ही या खिडकीवर कसे?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

साहेबांनी बाईंकडे पाहिलं, मग माझ्या सुजलेल्या गालाकडे. “तर तो माणूस तुम्ही,” ते म्हणाले. “हिने घरी येऊन मला विचारलं, शेवटचा कधी पाहिलात. तेव्हापासून मला धड जेवण जात नाही.”

आता टायरही गेले, असं मला वाटलं. साहेबांनी सगळ्यांना बाहेर बाकांवर बसायला सांगितलं. मग ते खिडकीसमोरच्या स्टुलावर बसले, जिथे छत्री हरवलेली माणसं बसतात. कागद त्यांनी मांडीवर ठेवला. मला काय करावं सुचेना. आणि मला जेव्हा काही सुचत नाही, तेव्हा मी माझं काम करतो.

“कुठे ठेवला होता?” मी विचारलं.

“बसमध्ये,” साहेब म्हणाले.

“दिसायला कसा होता?”

“दिसायचा नाही. ऐकू यायचा.” त्यांनी चष्मा काढला. “मी कंडक्टर म्हणून लागलो. पुढे परीक्षा दिल्या, वर गेलो. कंडक्टर असताना मी थांब्यांची नावं पुकारायचो. शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जायची. झोपलेली माणसं उठून बरोबर आपल्या थांब्यावर उतरायची. माझ्या बसमधून कुणी पुढे गेलं नाही. आता केबिनमध्ये बसतो. तिथे मोठ्याने बोललेलं चालत नाही.”

“काही खूण?”

“म्हणजे?”

“खूण पटल्याशिवाय वस्तू देता येत नाही, साहेब.”

ते पाटीकडे बघत राहिले. मग त्यांनी डोळे मिटले आणि हलक्या आवाजात सुरुवात केली. “पाण्याची टाकी.” मी नोंदवही पुढे ओढली. “दवाखाना.” आवाज जरा चढला. “जुना पूल. कन्याशाळा.” साहेबांची मान ताठ झाली. “लाकडाची वखार, वखारवाले पुढे या. घंटाघर, घंटाघर, शेवटचा थांबा घंटाघर, सामान सांभाळून उतरा.” आवाज खिडकीतून बाहेर पडला, सगळ्या हॉलमध्ये घुमला, आणि बाकांवरची माणसं पिशव्या उचलून उभी राहिली. हेडमास्तरही उभे राहिले. एक आजीबाई तर दाराकडे चालू लागल्या होत्या, त्यांना मेहुण्याने परत आणलं.

साहेबांनी डोळे उघडले. त्यांचा चेहरा कसा झाला होता ते सांगायची गरज नाही. मी तो चेहरा ओळखतो.

“पटली,” मी म्हणालो.

ते थोडा वेळ चष्मा पुसत बसले. मग खाकरून साहेब झाले. “हरवल्याची नोंद केली, की ती किती दिवस ठेवता?”

“वर्षभर. आणि एक जरी नोंद चालू असली, तरी खिडकी बंद करता येत नाही.”

“हा नियम कुणी केला?”

“तुमच्याच ऑफिसने.”

साहेबांनी मांडीवरच्या कागदाची घडी घालून ती खिशात टाकली. “मग माझी नोंद घ्या,” ते म्हणाले.

“पण साहेब, तुमचं तर आत्ताच...”

“अजून सापडायचं आहे,” साहेब करड्या आवाजात म्हणाले. “वर्षभर तरी शोधावं लागेल. मी दर आठवड्याला येऊन विचारत जाईन.”

संध्याकाळी मी घरी आलो, हातपाय धुतले आणि जेवायला बसलो. बायकोने कासव वाढलं, लोणी पोटाला लावलेलं. मी ते हातात घेतलं. ती माझ्याकडे बघत होती. फार दिवसांनी तिने विचारलं, “आज काय आलं होतं?”

मी हातातलं कासव ताटात ठेवलं.

“एक आवाज आला होता,” मी म्हणालो. “मालक बरोबरच होता.”

तिने आपलं ताट जवळ ओढलं. “मग?” ती म्हणाली, आणि मी सुरू झालो.